पट्टी संपते तिथे

हेनिंग: थांब, थांब. पडद्यावरच्या ताणाच्या रंगांकडे आत्ता बघूच नकोस. लाल दिसलं की तू घाबरतेस आणि बाकीचा वर्ग खूश होतो, दोन्ही चूकच. आधी मला सांग, हा भाग धरलायस कुठे आणि ओढलायस कुठे?

सोल्वेग: धरलाय मागच्या पिनेवर. हायड्रॉलिकचा दांडा इथे खालून रेटतो. आणि टोकाला लाकडाचं वजन, सहाशे किलो. त्यावर झटक्याचं आणखी निम्मं धरलंय.

हेनिंग: निम्मं? पुस्तकात तर एवढं दिलेलं नाही.

सोल्वेग: पुस्तक जंगलात जात नाही, हेनिंग. ड्रायव्हर जातात. ओंडका चिखलात रुतलेला असला की ते तो हळुवार उचलत नाहीत, हिसडा देतात.

हेनिंग: बरं, मान्य. आणि ह्या कोपऱ्यातला ताणाचा आकडा? जोडाजवळचा?

सोल्वेग: त्याने तर डोकंच फिरवलं होतं माझं. पहिल्यांदा सातशे आला. संगणक भागाचे तुकडे पाडतो ती जाळी बारीक केली तर हजार. आणखी बारीक केली तर दीड हजार. म्हटलं, संगणक तरी बिघडला नाहीतर मी तरी. मग तुमचं ते आठवलं.

हेनिंग: कुठलं?

सोल्वेग: की टोकदार कोपऱ्यात जाळी बारीक करत जाल तसा आकडा फुगतच जातो, त्याला काही अर्थ नसतो. मग मी जोडापासून जरा दूर दोन जागी ताण मोजला आणि तिथून कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ ओढली. तीनशे चाळीस. आता जाळी हवी तेवढी बारीक करा. तीनशे चाळीसच येतो.

हेनिंग: सप्टेंबरमध्ये हीच बाई माऊस दोन्ही हातांनी धरत होती.

सोल्वेग: वेल्डिंग गन तशीच धरतात. एकोणपन्नासाव्या वर्षी हाताची सवय जाते होय?

हेनिंग: आणि पहिल्या विश्लेषणात तू भाग सगळ्या बाजूंनी घट्ट धरून ठेवला होतास. ताण शून्य! वर मलाच म्हणालीस, बघा किती मजबूत आहे.

सोल्वेग: सगळ्या वर्गासमोर हसला होतात तुम्ही.

हेनिंग: हसलो होतो. आज नाही हसत. हे काम चांगलं झालंय, सोल्वेग. पण मी सगळ्यांना अभ्यासाला शिडीचा टेकू दिला होता. हे तू काय आणलंयस?

सोल्वेग: ट्रॅक्टरमागच्या ट्रेलरवर ओंडके चढवायची क्रेन असते ना, तिचा हात.

हेनिंग: ते दिसतंय. ही आधारपट्टी मी कुठेतरी पाहिल्यासारखी वाटते. मूळ ड्रॉइंग आहे का?

सोल्वेग: आहे. हे घ्या.

हेनिंग: खालचा उजवा कोपरा मोठा कर जरा. आणखी.

सोल्वेग: एच. बी., मार्च एकोणीसशे चौऱ्याण्णव.

हेनिंग: हेनिंग ब्रुनमार्क. हं. एक कॉफी आणतेस का मला? नको, राहू दे. बस. तुला माहीत होतं?

सोल्वेग: ह्याच कागदावरून अकरा वर्षं वेल्डिंग केलंय मी. माहीत कसं नसणार? तुम्ही कारखाना सोडून शिकवायला गेलात, त्यानंतर आले मी. पण तुमची अक्षरं रोज समोर असायची.

हेनिंग: म्हणून माझ्या वर्गात नाव घातलंस?

सोल्वेग: दुसरा वर्ग घराशेजारी होता. इथे यायला बसने पन्नास मिनिटं लागतात.

हेनिंग: मग हा काय सूड म्हणायचा?

सोल्वेग: सूड घ्यायचा असता तर सप्टेंबरमध्येच ओरडले असते, सात महिने कशाला बसले असते? मला कळून घ्यायचं होतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या, लाकूड वाहणाऱ्या स्टेलानच्या क्रेनचा हात भरल्या ओझ्यानिशी इथेच तुटला. जिथे तुमची पट्टी संपते तिथेच. त्याचा पाय दोन जागी मोडला. कारखान्याने एक पानी अहवाल लिहिला. ‘कारण: वेल्डिंगमधील दोष. वेल्डर क्रमांक सतरा.’

हेनिंग: सतरा म्हणजे...

सोल्वेग: मी.

हेनिंग: तुटलेला तुकडा कुणी कापून तपासला का?

सोल्वेग: त्याच आठवड्यात भंगारात गेला. आणि मी गेले स्टोअरमध्ये. तेव्हापासून नट-बोल्ट देते.

हेनिंग: ती पट्टी मी का घातली, सांगू? पहिला नमुना वाकला होता. मी हातानेच हिशेब केला, पाच पानं. पट्टी घातली आणि हात वाकायचा थांबला. मालकाने पाठ थोपटली, दुपारी सगळ्यांना केक वाटला. वाकणं थांबलं, एवढंच मी बघितलं. ती जिथे संपते तिथे सगळा भार एकदम एका रेघेवर येतो, हे नाही बघितलं.

सोल्वेग: म्हणजे माझा दोष नव्हता?

हेनिंग: एवढी घाई नको. तुझ्यासारखीच मलाही घाई झालीय, म्हणून म्हणतो. वाईट जोड असता तरी तो इथेच तुटला असता. ह्या चित्रावरून जागा कळते, दोष कुणाचा ते कळत नाही.

सोल्वेग: स्टोअरमध्ये जायच्या आधी भेगा पडलेल्या आणखी तीन क्रेन मी स्वतः भरून दिल्यात. तिन्हींना इथेच भेग. त्यातले दोन जोड दुसऱ्यांच्या हातचे होते.

हेनिंग: हे चांगलं आहे, पण पुरेसं नाही. हे बघ, तीनशे चाळीसचा ताण सतत येत-जात राहिला तर उत्तम जोडसुद्धा चाळीस ते साठ हजार उचलींमध्ये थकतो. आणि आतून पोकळ राहिलेला, घाईने मारलेला जोड दहा हजारांच्या आतच जातो. स्टेलानच्या क्रेनने तुटेपर्यंत किती वेळा उचललं होतं?

सोल्वेग: माहीत नाही.

हेनिंग: कुणाला माहीत असेल?

सोल्वेग: त्याला. रोजच्या फेऱ्या वहीत लिहायचा तो.

हेनिंग: मग त्याला विचार.

सोल्वेग: आम्ही बोलत नाही.

हेनिंग: कुठे राहतो?

सोल्वेग: आमच्या तळ्याच्या पलीकडे. माझ्या स्वयंपाकघरातून त्याचं घर दिसतं.

हेनिंग: सोल्वेग, तो आकडा आठ हजार निघाला तर?

सोल्वेग: तर मला कळेल तरी.

* * *

स्टेलान: दार उघडंच आहे. कुत्रा चावत नाही. मीही नाही.

सोल्वेग: स्टेलान, मी आहे. सोल्वेग.

स्टेलान: दिसतंय की. पाय मोडला होता माझा, डोळे नाही. तळ्याला वळसा घालून यायला दोन वर्षं लावलीस.

सोल्वेग: बोल तू. काय बोलायचं ते बोलून घे.

स्टेलान: बूट काढ आधी, फरशी पुसलीय. बस. कॉफी सकाळची आहे, कडू झाली असेल. चालेल?

सोल्वेग: चालेल.

स्टेलान: हं. कशाला आलीस?

सोल्वेग: तुझ्या फेऱ्यांच्या वह्या हव्यात. क्रेन घेतल्यापासून तुटेपर्यंतच्या.

स्टेलान: घ्या! मला वाटलं, माफी मागायला आलीस.

सोल्वेग: माफी मागायची की नाही, तेच शोधतेय मी.

स्टेलान: म्हणजे काय?

सोल्वेग: मी वर्गाला जाते, सात महिने झाले. संगणकावर यंत्राचा भाग काढायचा, त्याच्यावर वजन टाकायचं, मग तो कुठे किती ताणला जातो ते दिसतं. तुझ्या क्रेनचा हात मी काढलाय, अगदी हुबेहूब. आता तिने किती वेळा उचललं तेवढं कळलं, की जोड चांगला होता की वाईट ते सांगता येईल.

स्टेलान: मग सोपं आहे की. किती हवेत तुला? लिहून देतो.

सोल्वेग: नाही सांगणार.

स्टेलान: का?

सोल्वेग: सांगितलं तर तू तेवढेच मोजशील. ओळखते मी तुला.

स्टेलान: बाई, तू कामातून गेलीस! मोठा आकडा आला तर तू सुटतेस की लहान आला तर?

सोल्वेग: आधी मोज. मग सांगते.

स्टेलान: ते वरच्या फळीवरचं निळं खोकं काढ. मला चढता येत नाही.

(वहीची पानं उलटल्याचा आवाज.)

स्टेलान: पहिला हिवाळा, दोनशे अडुसष्ट फेऱ्या. लिही. दुसरा... त्या वर्षी बर्फ लवकर पडलं होतं... तीनशे एक. आणि तिसरा, त्या दिवसापर्यंत, दोनशे चौऱ्याऐंशी.

सोल्वेग: आठशे त्रेपन्न. एका फेरीत किती वेळा उचलायचास?

स्टेलान: चढवताना अठ्ठावीस, कधी बत्तीस. तीस धर. उतरवताना तेवढेच.

सोल्वेग: साठ.

स्टेलान: साठ. किती झाले?

सोल्वेग: एक्कावन्न हजार एकशे ऐंशी.

स्टेलान: मग? अगं, मग काय? बोल की! वाईट झालं का?

सोल्वेग: वाईट जोड दहा हजारसुद्धा टिकला नसता, स्टेलान. माझा एक्कावन्न हजार टिकला. जेवढा टिकणं शक्य होतं, तेवढा टिकला तो.

स्टेलान: रडतेस काय? चांगलं झालं ना?

सोल्वेग: चांगलंच झालं. दोन वर्षं मी तो दिवस आठवत होते. तुझी क्रेन आली होती तेव्हा शुक्रवार होता का, मला घरी जायची घाई होती का, मध्येच कुणी हाक मारली होती का. काही आठवायचं नाही. रोज शेकडो जोड मारायचे, एकच कसा आठवणार?

स्टेलान: मला वेल्डिंगचं काहीच वाटलं नव्हतं गं.

सोल्वेग: मग?

स्टेलान: हाताने केलेलं कधीतरी चुकतं. मी काय कमी झाडं चुकीची पाडलीत? पण तू दवाखान्यात आली नाहीस. सगळं गाव आलं. ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे तोसुद्धा द्राक्षं घेऊन आला. तू नाही.

सोल्वेग: आले होते.

स्टेलान: कधी?

सोल्वेग: तीनदा. गाडी लावायच्या जागेपर्यंत. तिथूनच परत जायचे.

स्टेलान: मूर्ख बाई. खिडकीशीच होती माझी खाट.

सोल्वेग: माहीत आहे. प्लास्टर दिसायचं.

स्टेलान: हात करायचा ना मग!

सोल्वेग: पाय कसा आहे आता?

स्टेलान: हवामान खात्याच्या एक दिवस आधी पाऊस सांगतो. शाळेची बस चालवतो हल्ली. बरं आहे, ओंडक्यांपेक्षा पोरं जास्त बडबडतात. ह्या वह्या घेऊन जा. तिन्ही ने. आणि जिथे दाखवायच्या तिथे मलाही ने. एका पानाचा अहवाल लिहिणाऱ्याचं तोंड बघायचंय मला.

* * *

हेनिंग: दहा मिनिटं थांबायचं. क्रेनच्या नव्या हातावर पांढरी भुकटी फवारली आहे, आता कुणी शिवायचं नाही.

स्टेलान: आणि मग काय होतं?

सोल्वेग: आधी लाल रंग लावून पुसून घेतलाय. कुठे केसाएवढी जरी भेग असेल, तरी आत मुरलेला रंग बाहेर येतो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

स्टेलान: आणि नसेल तर?

सोल्वेग: तर काही उमटत नाही. नुसतं बघत बसायचं.

स्टेलान: ह्यासाठी तीन आठवडे ही क्रेन कारखान्याच्या अंगणात सिमेंटचा ठोकळा उचलत आणि ठेवत होती? दिवसरात्र? माझ्या बसमधली पोरं रोज विचारायची, हिला कंटाळा येत नाही का.

हेनिंग: एक लाख वीस हजार वेळा. जुना हात इतक्यात दोनदा तुटला असता.

स्टेलान: नव्यात घातलंत काय एवढं? जाड प्लेट?

सोल्वेग: घातलं काहीच नाही. काढलं. साडेतीनशे ग्रॅम लोखंड कमी आहे.

स्टेलान: कमी? आणि जास्त मजबूत? गंमत करतेस का?

सोल्वेग: जुनी पट्टी एकदम संपायची, भिंत संपावी तशी. सगळा भार त्या एका रेघेवर. मी ती शेवटाकडे निमुळती केली, आणि जोडाची जागा कमी ताणाकडे सरकवली. आता भार हळूहळू पसरतो. तीनशे चाळीसचे एकशे नव्वद झाले.

हेनिंग: सोळा आकार करून बघितले तिने. मी पाचव्यालाच म्हणालो होतो, पुरे. ऐकलं नाही.

सोल्वेग: पाचवा संगणकात सुंदर होता. पण त्यात वेल्डरचा हात आत जात नव्हता. उलटा वाकून कोण जोडणार तो?

हेनिंग: हे मात्र मला सुचलं नसतं. बत्तीस वर्षं ड्रॉइंग काढतोय आणि शिकवतोय, एकदाही सुचलं नाही.

स्टेलान: हेनिंग, वह्या दाखवल्या त्या दिवशी कारखान्यातल्या बैठकीत तुम्ही उठून उभे राहिलात ना, मला वाटलं आता हा माणूस काहीतरी गोलमाल बोलणार. शिकलेली माणसं बोलतात तसं.

हेनिंग: मलाही वाटलं होतं.

सोल्वेग: मी तर खालीच बघत होते.

स्टेलान: आणि तुम्ही म्हणालात, ‘हे ड्रॉइंग माझं आहे. चूक माझी आहे. ती शोधणारी विद्यार्थिनी माझी आहे. ह्या तिन्हींमधली शेवटची गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते.’ मालकीण बेरितच्या हातातला कप तसाच राहिला. बापाच्या जागी बसल्यापासून तिला असं तोंडावर कुणी बोललं नसेल.

हेनिंग: बेरित सरळ आहे. दुसऱ्याच दिवशी जुना अहवाल मागे घेतला, आणि बाहेर असलेल्या एकशे चाळीस क्रेनवाल्यांना पत्रं पाठवली. नवी पट्टी बसेपर्यंत क्रेन वापरू नका म्हणून.

स्टेलान: मलाही आलं पत्र. माझी तर भंगारात आहे!

सोल्वेग: किती झाली मिनिटं?

हेनिंग: सात.

सोल्वेग: नुसती सात?

स्टेलान: बाईंना दम निघत नाही बघा. वेल्डिंग करताना अशीच उतावीळ व्हायचीस का गं?

सोल्वेग: वेल्डिंग करताना समोर ठिणगी दिसते. इथे काही न दिसण्याची वाट बघायची आहे.

हेनिंग: तोवर एक सांगतो. बेरितने मला विचारलंय, तुला वर घेऊ का. डिझाइनच्या खोलीत, खिडकीजवळचं टेबल. मी म्हणालो, मला काय विचारतेस, तिलाच विचार.

सोल्वेग: विचारलं तिने. सकाळीच.

स्टेलान: आणि हे आत्ता सांगतेस? काय म्हणालीस?

सोल्वेग: म्हटलं, अर्धा दिवस वर आणि अर्धा दिवस खाली. जे वर काढीन ते खाली स्वतः जोडून बघीन. नाहीतर नको.

स्टेलान: हो म्हणाली?

सोल्वेग: म्हणाली, असं पद आमच्याकडे नाही. मग म्हणाली, उद्यापासून आहे.

हेनिंग: दहा झाली. टॉर्च घे.

स्टेलान: मी तिकडे बघतो. मला नाही बघायचं.

सोल्वेग: डावी बाजू... पांढरी. खालची कड... पांढरी. टॉर्च इकडे धरा, हेनिंग. पट्टीचं टोक...

स्टेलान: अगं बोल ना!

सोल्वेग: पांढरं. सगळं पांढरं आहे. काही नाही, स्टेलान, काहीच नाही!

स्टेलान: काही नाही, असं इतक्या आनंदाने ओरडणारी बाई मी पहिल्यांदा बघतोय. ये इकडे. मिठी मार, पण पाय सांभाळ.

हेनिंग: मी स्वतः एकदा बघू का? विश्वास आहे. तरी बघू का?

सोल्वेग: बघाच. तुम्हीच शिकवलंय, दुसऱ्याने तपासल्याशिवाय पूर्ण झालं म्हणायचं नाही.

हेनिंग: पांढरं. स्वच्छ पांढरं. शाबास, सोल्वेग. इतक्या वर्षांत कितीतरी मुलं शिकवली, सगळ्यांना गुण दिले. तुला कुठले गुण द्यायचे ते मला कळत नाही.

स्टेलान: मी ऑफिसात जाऊन बेरितला सांगून येतो. आणि तिच्याकडे दालचिनीचे पाव असतात, तेही घेऊन येतो. लंगडत जातोय, तोवर तुम्ही दोघं काय रडायचं ते रडून घ्या.

हेनिंग: गेला. एक विचारू?

सोल्वेग: विचारा.

हेनिंग: चौऱ्याण्णव साली मी वर होतो, तेव्हा तू खाली असतीस आणि मी ड्रॉइंग घेऊन खाली आलो असतो, तर सांगितलं असतंस मला?

सोल्वेग: नसतं सांगता आलं. इथे काहीतरी खटकतंय एवढं हाताला कळलं असतं. पण काय ते सांगायला मला तेव्हा शब्द कुठे होते?

हेनिंग: आणि आता?

सोल्वेग: आता? ह्या मागच्या पिनेजवळची दुसरी पट्टी आहे ना, तीही तुमचीच. ती मला आवडत नाही.

हेनिंग: दाखव.